कवठे महांकाळ तालुका : जमीन, पाऊस आणि उपशाच्या पाण्याचा हिशेब

सांगली जिल्ह्याचा पश्चिम भाग हा भरपूर पावसाचा व बारमाही नद्यांचा, तर पूर्व भाग हा अवर्षणप्रवण, अशी ढोबळ विभागणी सर्वांना परिचित आहे. या पूर्व भागातील कवठे महांकाळ हा तालुका शेतीच्या अभ्यासाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. एका पिढीच्या काळात या तालुक्याने बाजरी व ज्वारीपासून द्राक्ष व बेदाण्यापर्यंतचा प्रवास केला. ज्या गावांना पिण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागत होती, त्यांपैकी अनेक गावांच्या शिवारात आज कृष्णेचे पाणी आले आहे. परंतु हे पाणी उताराने वाहत आलेले नाही, ते पंपाने चढवून आणलेले आहे. म्हणून त्याचा वापर कसा करावा, हा प्रश्न नदीकाठच्या शेतकऱ्यापेक्षा येथील शेतकऱ्याला वेगळ्या रीतीने सोडवावा लागतो. प्रस्तुत लेखात तालुक्याची जमीन, पाऊस, माणसे व अर्थव्यवस्था यांची माहिती देऊन पाण्याच्या हिशेबाची सोपी रीत मांडली आहे.

तालुक्याची ओळख

१९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा अस्तित्वात आला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली असे झाले. त्यानंतर १९६५ साली मिरज, तासगाव व जत या तालुक्यांतील काही गावे एकत्र करून कवठे महांकाळ हा नवा तालुका करण्यात आला. तालुक्यात सुमारे ६० गावे असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे दीड लाख आहे. महांकाली देवीचे देवस्थान असलेले कवठे महांकाळ हे तालुक्याचे मुख्य ठिकाण असून तेथे आता नगरपंचायत आहे. मोठ्या कारखानदारीचा आधार नसल्याने बहुतेक कुटुंबांचा चरितार्थ शेती व पशुपालनावर चालतो.

तालुक्याच्या पश्चिमेस मिरज व तासगाव, पूर्वेस जत, ईशान्येस सोलापूर जिल्ह्यातील सांगोला आणि दक्षिणेस कर्नाटकातील अथणी हे तालुके आहेत. मिरज–पंढरपूर रेल्वेमार्ग तालुक्यातून जातो. पूर्वी ही नॅरोगेज गाडी होती, आता मार्ग ब्रॉडगेज झाला आहे. रत्नागिरी–नागपूर महामार्गही तालुक्यातूनच जात असल्याने मिरज, सांगली, पंढरपूर व सोलापूर या बाजारपेठा जवळ आल्या आहेत.

जमीन व नद्या

जमिनीच्या ठेवणीप्रमाणे तालुक्याचे तीन भाग पडतात.

१) घाटमाथा : उत्तरेकडील घाटनांद्रे, तिसंगी, कुंडलापूर, जाखापूर ही गावे उंचावर आहेत. येथील जमीन प्रामुख्याने हलकी, मुरमाड व उताराची असून पाणी धरून ठेवण्याची शक्ती कमी आहे.

२) अग्रणी काठ : खानापूर तालुक्यात उगम पावणारी अग्रणी नदी तासगाव व कवठे महांकाळ तालुक्यांतून वाहत कर्नाटकात जाते व पुढे कृष्णेस मिळते. मळणगाव, हिंगणगाव, अग्रण धुळगाव ही गावे या नदीच्या आसऱ्याची. काठाला मध्यम ते भारी काळी जमीन आढळते.

३) पूर्व भाग : ढालगाव, नागज, आरेवाडी, दुधेभावी हा माळरानाचा, कोरड्या हवेचा भाग. जमीन हलकी ते मध्यम. याच भागात मेंढपाळ कुटुंबांची संख्या मोठी आहे.

अग्रणी ही पावसाळ्यापुरती वाहणारी नदी. वाळूचा थर जाऊन पात्र उघडे पडले, काठाची झाडी तुटली आणि विहिरींचे पाणी खोल गेले. गेल्या दशकात लोकसहभागातून व शासनाच्या मदतीने या नदीच्या पुनरुज्जीवनाचे काम झाले. पात्राचे रुंदीकरण, खोलीकरण व बंधारे यांमुळे पाणी अडते हे खरे, परंतु माथ्यावरची माती वाहून येत राहिली तर खोल केलेले पात्र पुन्हा भरते. म्हणून काम नेहमी माथ्याकडून पायथ्याकडे, म्हणजे आधी समतल चर व बांधबंदिस्ती, नंतर ओढ्यावरील नालाबांध आणि शेवटी नदीपात्र, या क्रमाने व्हावयास हवे.

पाऊस

सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असल्याने येथे सर्वसाधारणपणे वर्षाला ४५० ते ५५० मि.मी. पाऊस पडतो. त्यातही जून–जुलैचा पाऊस बेभरवशाचा असून परतीच्या मान्सूनचा, म्हणजे सप्टेंबर–ऑक्टोबरचा पाऊस अधिक खात्रीचा असतो. त्यामुळेच हा मूळचा रब्बी ज्वारीचा मुलूख. १९७२, २००३, २०१२ व २०१५ या वर्षांच्या टंचाईच्या झळा या भागाने सोसल्या आहेत.

पावसाचा आकडा मि.मी. मध्ये ऐकून तो मनात ठसत नाही, म्हणून लिटरमध्ये पाहू. एक हेक्टर क्षेत्रावर १ सें.मी. उंचीचे पाणी उभे केले तर ते १ लाख लिटर होते. यालाच एक हेक्टर-सेंटीमीटर म्हणतात. म्हणजे ५०० मि.मी. पाऊस झाला तर एका हेक्टरवर वर्षात ५० लाख लिटर पाणी आभाळातून पडते. हे सर्वच पाणी पिकाच्या कामी येत नाही. काही वाहून जाते, काही वाफ होऊन उडते. जे मुरते तेच आपले.

माणसे व व्यवसाय

पाऊस कमी म्हणून येथील माणसाने नेहमीच दोन–तीन आधार धरून संसार केला. पहिला आधार मेंढीचा. आरेवाडीच्या बनातील बिरोबा हे धनगर समाजाचे मोठे श्रद्धास्थान आहे. रांजणी येथे महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाचे प्रक्षेत्र आहे. शेजारच्या जत तालुक्यातील माडग्याळ मेंढी व दख्खनी मेंढी या दोन्ही जाती या हवामानास चांगल्या मानवतात. शेतात मेंढ्या बसवून खत घेण्याची जुनी पद्धत आजही चालू आहे आणि ती हलक्या जमिनीस अत्यंत उपयुक्त आहे.

दुसरा आधार दुधाचा. पंढरपुरी म्हैस व संकरित गाय यांमुळे दर दहा दिवसांनी घरात पैसा येतो. तिसरा आधार परमुलखाचा. खानापूर, आटपाडी, तासगाव व कवठे महांकाळ या भागांतील तरुण सोने–चांदी गाळण्याच्या म्हणजे गलाईच्या व्यवसायासाठी देशभर गेले. दुष्काळाने घराबाहेर काढलेल्या या माणसांनी मिळवलेला पैसा गावाकडे आला आणि त्यातून विहिरी, घरे व पुढे द्राक्षबागाही उभ्या राहिल्या.

द्राक्ष व बेदाणा

तासगाव–मिरज पट्ट्यातील द्राक्षशेती हळूहळू पूर्वेकडे सरकली. थॉमसन सीडलेस व त्यापासून निवडलेले तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमन हे वाण आणि कमी पाण्यात व क्षारात तग धरणारा डॉगरिज खुंट यांमुळे हलक्या माळावरही बागा उभ्या राहिल्या. ठिबक सिंचनाने त्यांना खरा हात दिला.

बेदाण्याच्या बाबतीत तर येथील कोरडी हवा, जी एरवी शाप वाटते, तीच वरदान ठरली. नागज–ढालगाव परिसरात व त्यापुढे सांगोला तालुक्यातील जुनोनीपर्यंत बेदाण्याची शेड दिसतात. २२ अंश ब्रिक्सपेक्षा अधिक गोडी आलेले घड डिपिंग ऑइल व पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवून जाळीवर सावलीत सुकवतात. हवा कोरडी असेल तर दोन ते तीन आठवड्यांत माल तयार होतो. साधारणपणे ४ किलो द्राक्षापासून १ किलो बेदाणा मिळतो. सांगली व तासगाव येथील सौद्यांमुळे बाजारपेठ हाताशी आहे. सांगलीच्या बेदाण्यास भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे.

तथापि द्राक्ष हे जसे पैशाचे पीक आहे, तसे ते कर्जाचेही पीक आहे. फळछाटणीनंतर अवकाळी पाऊस झाला की केवडा व भुरी, शेडवर माल असताना पाऊस झाला की काळा पडलेला बेदाणा, हा अनुभव बागायतदारांना नवा नाही. म्हणून सर्व क्षेत्र द्राक्षाखाली घालणे शहाणपणाचे नाही.

उपशाचे पाणी

मिरज तालुक्यातील म्हैसाळ येथे कृष्णेचे पाणी उचलून टप्प्याटप्प्याने पूर्वेकडे चढवण्याच्या योजनेस १९८० च्या दशकात मंजुरी मिळाली. १९९३ पासून क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने आटपाडीत भरलेल्या पाणी परिषदांनी दुष्काळी तालुक्यांची मागणी लावून धरली. १९९६ साली महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाल्यावर कामांना गती आली. म्हैसाळ योजनेचे पाणी मिरज, कवठे महांकाळ, तासगाव व जत तालुक्यांना मिळते, तर कराडजवळून उचलले जाणारे टेंभू योजनेचे पाणी तालुक्याच्या काही भागास मिळते. या पाण्याने तलाव व बंधारे भरून घेता येतात व त्याखालील विहिरींना पाझर लागतो.

आता या पाण्याचे मोल पाहू. १ लाख लिटर पाणी १०० मीटर उंच चढवावयाचे असेल आणि पंपाची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर सुमारे ३९ युनिट वीज लागते. कालव्यात मुरणारे व उडणारे पाणी यात धरलेले नाही. वीजबिलाचा ८१ टक्के भार शासनाने व १९ टक्के भार लाभधारकांनी उचलावा असे धोरण आहे. पट्टी थकली तर पंप थांबण्याची वेळ येते आणि ती नेमकी पिकाला गरज असताना येते.

पाण्याचे मोल सांगणारी आणखी एक घटना आठवावी. ११ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून लातूरकडे पाण्याची पहिली रेल्वेगाडी निघाली. पंढरपूरकडे जाणाऱ्या याच मार्गावरून, म्हणजे कवठे महांकाळ तालुक्यातूनच ती गेली. त्या गाडीत १० वाघिणींत मिळून सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. शहराची तहान भागवण्यासाठी गेलेले हे पाणी म्हणजे दीड एकर उसाला पाटाने दिलेली केवळ एक पाळी होय.

पिकांना लागणारे पाणी

आपल्या भागातील काही पिकांना लागणाऱ्या पाण्याचा अंदाज पुढीलप्रमाणे धरता येईल. जमीन व हवामानाप्रमाणे यात कमीजास्त होते.

१) ऊस, सुरू हंगाम, पाटपाणी : हेक्टरी सुमारे २२० हे. सें.मी.
२) ऊस, ठिबकवर : वरील पाण्याच्या साधारण निम्मे.
३) द्राक्ष, ठिबकवर : वर्षाला ६० ते ७० हे. सें.मी.
४) कडवळाची ज्वारी (चारा) : सुमारे ४० हे. सें.मी.
५) रब्बी ज्वारी, दोन संरक्षित पाणी : सुमारे १५ हे. सें.मी.

उदाहरणादाखल ५ एकर म्हणजे २ हेक्टर जमीन असलेल्या कुटुंबाचे नियोजन पाहू. १ एकर द्राक्ष, २ एकर रब्बी ज्वारी, १ एकर बाजरी व तूर आंतरपीक (पावसावर), अर्धा एकर चारा आणि उरलेल्या अर्ध्या एकरात शेततळे, गोठा व बांध. द्राक्षास २६, ज्वारीस १२ व चाऱ्यास ८ असे एकूण ४६ हे. सें.मी. म्हणजे ४६ लाख लिटर पाणी लागेल. याउलट केवळ १ एकर ऊस पाटपाण्यावर केला तर त्यालाच ८८ लाख लिटर लागतील. म्हणजे संपूर्ण ५ एकर शेतीच्या जवळजवळ दुप्पट पाणी एका एकरात जाते. ते १०० मीटर चढवण्यास सुमारे ३,४०० युनिट वीज खर्च होते. ठिबकवर ऊस घेतला तरी त्याचे पाणी पूर्ण ५ एकराच्या पाण्याइतके भरते.

ऊस लावणारा शेतकरी अविचारी आहे असे मुळीच नाही. उसाला मजूर कमी लागतात, अवकाळी पावसाने तो एका रात्रीत नासत नाही आणि दराची काही हमी असते. परंतु ज्या तालुक्यात एकाच्या पाण्यावर शेजाऱ्याची पाळी अवलंबून आहे, तेथे कालव्याच्या मुखाशी ऊस वाढला की शेपटाकडील गावाची ज्वारीही वाळते. म्हणून ऊस करावयाचाच असेल तर तो भारी जमिनीत, मर्यादित क्षेत्रावर व ठिबकवरच करावा.

नदीकाठाचा धडा

कृष्णा व वारणा काठच्या मिरज, वाळवा, पलूस तालुक्यांत जास्त पाणी व निचऱ्याचा अभाव यांमुळे हजारो एकर उत्तम काळी जमीन क्षारपड झाली. तेथे आता जमिनीखाली सच्छिद्र पाईप घालून निचरा करावा लागतो व त्याचा खर्च मोठा आहे. अग्रणी काठच्या भारी जमिनीत हीच चूक होण्याचा धोका आहे. पुढील काळजी घ्यावी.

• दर दोन वर्षांनी माती तपासावी. सामू ८.५ च्या वर किंवा विद्युत वाहकता ४ डेसीसायमनच्या वर गेल्यास सावध व्हावे.
• विहीर व कूपनलिकेचे पाणीही तपासावे. खारवट पाणी कालव्याच्या गोड्या पाण्यात मिसळून अथवा आलटून पालटून द्यावे.
• शेताच्या उताराच्या बाजूस उघडे चर काढून ते ओढ्यास जोडावेत. नैसर्गिक नाले बुजवून शेत वाढवू नये.
• ताग किंवा धैंचा हिरवळीसाठी घ्यावा. चोपण जमिनीत माती परीक्षणानुसार जिप्सम टाकावे.

ज्वारीला विसरू नये

बागायत आली की ज्वारी मागे पडते व पाठोपाठ कडबाही विकत घ्यावा लागतो. दूध व मेंढी हे दोन्ही व्यवसाय कडब्यावर उभे आहेत, हे ध्यानात ठेवावे. महात्मा फुले कृषि विद्यापीठाने जमिनीच्या खोलीनुसार वाण दिलेले आहेत. ३० सें.मी. पर्यंतच्या हलक्या जमिनीस फुले अनुराधा, ६० सें.मी. पर्यंतच्या मध्यम जमिनीस फुले सुचित्रा व त्याहून खोल भारी जमिनीस फुले वसुधा निवडावा.

जुलै महिन्यात रानात ३.६० × ३.६० मीटर आकाराचे वाफे पाडून पावसाचे पाणी जागेवरच जिरवावे. पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या काळात, ४५ × १५ सें.मी. अंतरावर, हेक्टरी १० किलो बियाणे वापरून करावी. काणी रोग येऊ नये म्हणून किलोस ४ ग्रॅम गंधक चोळावे. पेरणीनंतर तिसऱ्या, पाचव्या व आठव्या आठवड्यात कोळपणी करावी. शेवटची कोळपणी दातेरी कोळप्याने केल्यास भेगा बुजून ओल टिकते. पाणी असल्यास पहिले २८ ते ३० दिवसांनी व दुसरे पीक पोटरीत असताना ५० ते ५५ दिवसांनी द्यावे.

शेततळे

वर ३० × ३० मीटर, तळाला २४ × २४ मीटर व ३ मीटर खोलीच्या शेततळ्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते. एक एकर द्राक्षबागेची वर्षाची बरीचशी गरज त्यात भागते. मात्र उन्हाळ्यात दिवसाला ८ मि.मी. बाष्पीभवन धरले तर भरलेल्या तळ्यातून रोज ७,२०० लिटर, म्हणजे महिन्याला २ लाखांहून अधिक लिटर पाणी उडते. म्हणून तळ्याच्या भोवती वाऱ्याच्या बाजूस झाडे लावावीत व शक्य असल्यास वर शेडनेटचे आच्छादन करावे. तळे शक्यतो पावसाच्या व कालव्याच्या पाण्याने भरावे. कूपनलिकेचे पाणी उपसून तळे भरणे म्हणजे जमिनीखालील सुरक्षित साठा उन्हात आणून ठेवणे होय.

गावाचा हिशेब

एकट्या शेतकऱ्याने काटकसर करून भागणार नाही. दरवर्षी कोजागिरीच्या सुमारास, पाऊस संपला की गावातील निवडक विहिरींची पातळी मोजावी. पाऊस किती झाला, तलाव किती भरला, कालव्याच्या किती पाळ्या मिळण्याची शक्यता आहे, हे ग्रामसभेत फळ्यावर लिहावे. आधी पिण्याचे पाणी, मग जनावरांचे, मग उभ्या फळबागांचे आणि उरेल त्यावर रब्बीचे क्षेत्र ठरवावे. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार गावाने अशाच पाण्याच्या ताळेबंदावर पीकपद्धती बसवली व ती टिकवली. कवठे महांकाळच्या गावांना तर पावसाबरोबर कालव्याचीही जोड आहे.

शेतकरी बंधू–भगिनींनो, आपल्या आधीच्या पिढीने पाण्यासाठी परिषदा भरवल्या, मोर्चे काढले व वर्षानुवर्षे वाट पाहिली. ते पाणी आता बांधावर आले आहे. या रब्बीत पेरणीपूर्वी एक कागद घेऊन आपल्याकडील पाणी एका बाजूस व पिकांची गरज दुसऱ्या बाजूस लाख लिटरमध्ये लिहावी आणि दोन्ही बाजू जुळल्यावरच बी रानात न्यावे.